यंत्रात पडलेला स्क्रू कसा काढावा: वर्कशॉपमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

लेथच्या हेडस्टॉकचे (गिअर आणि फिरता स्पिंडल असलेल्या पेटीचे) झाकण उघडून काम चालू असते, तेलकट बोटांतून ग्रब स्क्रू (डोके नसलेला बारीक स्क्रू) निसटतो, ‘टिण्’ असा एक आवाज होतो आणि स्क्रू गिअरच्या मागे दिसेनासा होतो. अशा वेळी नवख्या माणसाचा हात आपोआप त्याच्या मागोमाग आत जातो. वाळूज, चिकलठाणा, जालना किंवा लातूरच्या औद्योगिक वसाहतींत आयटीआय करून नुकत्याच रुजू झालेल्या मुलामुलींनी तो हात आधी आवरावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. फेसिंग, टर्निंग आणि आटे पाडणे अभ्यासक्रमात शिकवले जाते. पडलेला तुकडा बाहेर कसा काढायचा हे मात्र सहसा कोणी शिकवत नाही, आणि कामावर रुजू झाल्यावर ही वेळ फार दिवस चुकत नाही.

बंद यंत्रात पडलेला स्क्रू वर्षभर तसाच राहिला तरी काही बिघडवत नाही. बिघडते ते, तो शोधण्याच्या नादात कोणी चक (काम पकडणारा फिरता भाग) फिरवतो, कोणी लिव्हर हलवतो, कोणी हवेची नळी मारतो, त्यामुळे. म्हणून तुकडा पडल्यानंतर तो आहे तिथून आणखी हलू न देणे हे निम्मे काम समजावे.

पडल्याबरोबर

जिथे उभे आहात तिथेच थांबा आणि ऐकलेला आवाज आठवा. लोखंडावर लोखंड आपटल्याचा टणत्कार एकदाच आला असेल तर तुकडा वरच्याच एखाद्या कडेवर अडकलेला असण्याची शक्यता असते. दोन-तीन टप्प्यांत आवाज येऊन शेवटी ‘डुबुक्’ झाले असेल तर तो तळाच्या तेलात गेला आहे. काहीच आवाज आला नसेल, तर तो बहुधा यंत्रात गेलेलाच नाही. अशा वेळी आधी स्वतःकडे पाहावे: पँटची दुमड, बुटाची लेस, ॲप्रनचा खिसा, बाहीची घडी. मग पाहावे कापलेल्या धातूचा कीस साचणाऱ्या ट्रेमध्ये आणि जमिनीवर. जमिनीवर शोधताना टॉर्च उभ्याने हातात धरण्यापेक्षा फरशीवर आडवी ठेवावी. उजेड जमिनीलगत सरपटत गेला की तीन मिलिमीटरच्या स्क्रूचीही लांब सावली पडते आणि तो लगेच नजरेत येतो.

या वेळी दुसरे काम म्हणजे मिस्त्रींना किंवा शेजारच्या कामगाराला सांगणे. बोलणी बसतील म्हणून गप्प राहणारी पोरे मी पाहिली आहेत. ‘मिस्त्री, आतमध्ये स्क्रू पडला’ एवढे वाक्य उच्चारल्याने फार तर दोन शब्द ऐकावे लागतात. पण ते न उच्चारता झाकण लावले आणि पुढच्या शिफ्टच्या माणसाने यंत्र सुरू केले, तर गिअरचे दात जातात, आणि जुन्या लेथचा एकेक गिअर करून घ्यायला किती दिवस लागतात हे ज्याने करून घेतला आहे त्याला विचारावे.

वीज तोडणे, आणि ‘लाइन’ गेली असेल तर

यंत्राचे ‘स्टॉप’ बटण दाबणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. यंत्राचा मुख्य आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा स्विच, बंद करावा, त्याला कुलूप लावता येत असेल तर लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, आणि ‘आत काम चालू आहे’ अशी पाटी स्वतःच्या नावानिशी अडकवावी. त्यानंतर ‘स्टार्ट’ बटण एकदा दाबून यंत्र खरोखर मेलेले आहे याची खात्री करावी. चालत्या यंत्राजवळच्या कामावर १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २२ ने बंधने घातली, त्याला आता पाऊणशे वर्षे उलटून गेली, तरी छोट्या शेडमध्ये आजही ‘दोन मिनिटांचे तर काम आहे’ हे वाक्य ऐकू येतेच.

आपल्या भागात याहून मोठा धोका आहे तो वीज गेलेली असतानाचा. लाइन गेली की सगळी शेड शांत होते, काम थांबते, आणि ‘तेवढ्यात तो स्क्रू शोधून घेऊ’ असे कोणालाही वाटते. ज्या यंत्राला कॉन्टॅक्टर (कॉइलच्या ओढीने जुळणारा स्विच) असलेला स्टार्टर आहे ते वीज परत आल्यावर आपोआप सुरू होत नाही, कारण वीज जाताच कॉन्टॅक्टरची कॉइल सुटते आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय ती ओढली जात नाही. पण जुन्या ड्रिलिंग मशीनला, ग्राइंडरला किंवा हॅकसॉ मशीनला नुसता फिरवायचा स्विच असतो. तो ‘चालू’वर राहिला असेल, तर लाइन येताच यंत्र कोणालाही न विचारता फिरू लागते. माझ्या उमेदवारीच्या पहिल्या वर्षी एका छोट्या कारखान्यात मी असाच ड्रिलिंग मशीनच्या पुलीमागे पडलेली चावी शोधत होतो. मे महिना होता, वर पत्र्याची शेड होती; डोळ्यांत घाम उतरला म्हणून तो पुसायला मी हात बाहेर काढला आणि त्याच क्षणी लाइन आली. पट्टा फिरू लागला तेव्हा माझा हात कपाळावर होता. स्विच बंद केला नव्हता, ही चूक माझीच होती. तेव्हापासून लाइन गेली की मी आधी स्विच बंद करतो आणि मगच खाली बसतो.

सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारी) यंत्रे आणि फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) बसवलेल्या यंत्रांबाबत आणखी एक सावधगिरी लागते. वीज तोडल्यावरही ड्राइव्हमधल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ भार शिल्लक राहतो. म्हणून यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला वेळ, जो साधारणतः पाच ते दहा मिनिटांचा असतो, थांबल्याशिवाय पॅनेल उघडू नये. उभ्या मिलिंग यंत्राचे डोके ब्रेक सैल असल्यास स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकते, त्याखाली हात घालण्याआधी लाकडी ठोकळ्याचा टेकू द्यावा. हवेवर चालणारे चक किंवा क्लॅम्प असतील तर हवेचा कॉक बंद करून नळीतला दाबही सोडून द्यावा.

आणि वाकण्यापूर्वी अंगावरचे उतरवावे: अंगठी, कडे, मनगटावरचा दोरा, गळ्यातला रुमाल. शर्टाचा वरचा खिसाही रिकामा करावा. एक स्क्रू काढायला वाकलेल्या माणसाच्या खिशातून चुन्याची डबी हेडस्टॉकच्या तेलात पडल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि चुना तेलातून गाळून काढता येत नाही.

तुकडा कुठे गेला असेल

आता शोध. पहिला शोध डोळ्यांनीच घ्यावा, काहीही आत न घालता. लहान टॉर्च आणि दांड्यावरचा छोटा आरसा यांनी गिअरच्या मागची बाजू दिसते. हल्ली मोबाइलला जोडता येणारे केबलवरचे छोटे कॅमेरे स्वस्तात मिळतात. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा कॅमेरा तेलाच्या भोकातूनही आत जातो. मात्र त्याचे डोके तेलात बुडाले की चित्र धूसर होते, म्हणून आत सोडताना ते भिंतीला टेकू देऊ नये, आणि आत काही फिरत नाही याची खात्री असल्याशिवाय केबल सोडू नये.

दिसत नसेल तर एक जुनी युक्ती करून पाहावी. पडला तसाच दुसरा स्क्रू घ्या, त्याला हातभर मजबूत दोरा पक्का बांधा, दोऱ्याचे दुसरे टोक मनगटाला न बांधता यंत्राच्या बाहेर एखाद्या हँडलला बांधा, आणि जिथून पहिला सुटला होता तिथूनच हा सोडा. तो कुठे आपटतो, कुठे वळतो, कुठे थांबतो हे पाहून पहिल्याचा मार्ग कळतो. नवख्यांना ही युक्ती पोरखेळ वाटते. मला मात्र कॅमेऱ्यापेक्षा तिचा भरवसा अधिक वाटतो, कारण कॅमेरा फक्त आपण नेऊ तिथले दाखवतो, तर दोरीचा स्क्रू आपल्याला न सुचलेली जागाही दाखवतो.

इथे एक गोष्ट कटाक्षाने टाळायची आहे, ती म्हणजे कॉम्प्रेसरची हवा. हवेने तुकडा बाहेर येण्याऐवजी आणखी आत जातो, बारीक कीस बेअरिंगमध्ये घुसतो आणि उरलेला आपल्या डोळ्यांत येतो.

लोहचुंबक आणि त्याचे नखरे

ग्रब स्क्रू, बोल्ट, सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), बेअरिंगचे छर्रे, कॉटर पिन हे पोलादी असतील तर लोहचुंबक हे पहिले साधन. रेडिओच्या एरियलसारखा लांब होणारा दांडा आणि टोकाला चुंबक, असे साधन कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. अडचण एवढीच की हेडस्टॉक स्वतःच ओतीव लोखंडाचा असतो आणि त्यात गिअर पोलादाचे असतात. स्क्रूपर्यंत पोचण्याआधी चुंबक दहा ठिकाणी चिकटतो. यावर उपाय म्हणजे चुंबकाच्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा असा चढवावा की फक्त समोरचा भाग उघडा राहील. कडेला प्लॅस्टिक आले की ओढ कमी होते आणि दांडा सुटा फिरवता येतो.

ट्रेमधल्या किसात स्क्रू हरवला असेल तर चुंबक उघडा घालू नये. त्याला चिकटलेला कीस काढताना बोटे कापतात आणि स्क्रू त्या गुच्छात दिसतही नाही. चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून किसावरून फिरवावा, मग पिशवी उलटी करून चुंबक बाहेर ओढावा, म्हणजे सगळा कीस पिशवीतच राहतो आणि तो कागदावर पसरून निवडता येतो. तांदळातले खडे निवडणाऱ्या घरात वाढलेल्याला हे काम जड जाऊ नये. आणि यंत्र गरम असेल तर ते निवू द्यावे, कारण निओडिमियमचे साधे चुंबक साधारण ८० अंश सेल्सियसच्या वर गेले की त्यांची ओढ कायमची घटू लागते. छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसाने असा जोरकस चुंबक हातात घेऊ नये, आणि यंत्राच्या मोजपट्टीच्या स्केलपासून किंवा एनकोडरपासूनही (स्थिती मोजणाऱ्या भागापासूनही) तो दूर ठेवावा.

जे चुंबकाला दाद देत नाहीत त्यांचे काय? पितळ, तांबे, ॲल्युमिनियम, फॉस्फर ब्रॉन्झ आणि रबरी ओ-रिंग यांना चुंबक उचलत नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये नवखे फसतात: ३०४ आणि ३१६ या जातींचे नट-बोल्ट जवळजवळ चिकटत नाहीत, तर ४१० आणि ४३० या जातींचे चांगले चिकटतात. म्हणून आत चुंबक घालण्याआधी त्याच डब्यातला दुसरा तसाच स्क्रू बाहेर चुंबकाला लावून पाहावा. नाहीतर तासभर चुंबक फिरवूनही हाती काही येणार नाही आणि दोष चुंबकाला दिला जाईल.

चुंबक चालत नसेल तर लवचीक दांड्याच्या टोकाला चार नखे असलेला पकडीचा चिमटा वापरावा. तोही पोचत नसेल तर लाकडी काडीच्या टोकाला घट्ट ग्रीसचा गोळा लावून तुकड्यावर अलगद टेकवावा. वॉशरसारखी चपटी वस्तू ग्रीसला सहज धरते. काडी नवी आणि न चिरलेली असावी, तिचे टोक आत मोडले तर आता दोन वस्तू शोधाव्या लागतील. कोरड्या जागी व्हॅक्यूम क्लीनर उपयोगी पडतो: त्याच्या नळीच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा रबराने घट्ट बांधला की हवा जाते आणि स्क्रू जाळीवर अडकतो. तेल किंवा कुलंट (कापताना सोडायचा थंडावा देणारा द्रव) असलेल्या जागी हा प्रयोग करू नये.

तुकडा तेलात असेल तर

तेलातून चुंबकाने तुकडा मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर तेल काढावे लागते, आणि इथे घाई केली की तेलही जाते आणि तुकडाही राहतो. ड्रेन प्लगखाली स्वच्छ बादली ठेवून तिच्यावर बारीक जाळीची स्टीलची गाळणी ठेवावी. चहाची गाळणी चालते, फक्त ती पुन्हा चहाकडे जाऊ नये. तेल एकदम न सोडता प्लग हळूहळू सैल करावा, म्हणजे धार गाळणीबाहेर उडत नाही. मे महिन्यात तेल पाण्यासारखे पळते. उलट परभणीकडच्या डिसेंबरातल्या सकाळी ते इतके घट्ट असते की निथळायला बराच वेळ द्यावा लागतो. अशा दिवशी तुकडा पडण्यापूर्वीच यंत्र थोडे चाललेले असेल तर बरे. पण तुकडा पडल्यानंतर ‘तेल गरम करण्यासाठी’ यंत्र चालवणे हा मूर्खपणा आहे.

गाळणीत काही आले नाही म्हणजे तुकडा आत नाही असे नव्हे. ड्रेनचे भोक अनेकदा तुकड्यापेक्षा अरुंद असते, आणि पुष्कळ पेट्यांत ते तळापासून किंचित वर असते, त्यामुळे तळाशी बोटभर तेल आणि त्यात आपला स्क्रू राहतोच. तेल निथळल्यावर आता तळ दिसतो. तिथे चुंबक किंवा चिमटा घालावा. गरज पडल्यास थोडे तेच तेल वरून ओतून तळ धुवावा. डिझेल किंवा रॉकेलने धुण्याची पद्धत आहे, पण ते केल्यास पूर्ण निथळून जाईपर्यंत थांबावे आणि आसपास वेल्डिंग, ग्राइंडिंग किंवा बिडी नसावी. पेट्रोल तर वापरूच नये. पुसण्यासाठी कॉटन वेस्ट आत घालू नये, कारण तिचे सुटलेले धागे तेलपंपाच्या जाळीवर जाऊन बसतात.

गिअरच्या दातांत अडकला असेल तर

हा सर्वांत नाजूक प्रसंग. दोन गिअर फिरताना एका बाजूने त्यांचे दात एकमेकांत शिरतात आणि दुसऱ्या बाजूने सुटतात. तुकडा शिरण्याच्या बाजूला असेल आणि त्याच दिशेने गिअर थोडासा जरी फिरला, तरी तुकडा दातांमध्ये चेपला जातो. म्हणून लिव्हर न्यूट्रलमध्ये आहे का ते पाहावे, आधी तुकडा नेमका कोणत्या बाजूला आहे हे आरशात पाहून ठरवावे, आणि मग दात ज्या दिशेने सुटतात त्या दिशेने चक हाताने, आणि हातानेच, दाताच्या अंतराएवढा फिरवावा. एकाने चक धरायचा आणि दुसऱ्याने चिमटा, असे करायचे असेल तर ‘फिरव’ आणि ‘थांब’ हे शब्द चिमटा धरणाऱ्यानेच उच्चारायचे. चक धरणाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने काही करायचे नाही. पान्याने किंवा पाइप लावून जोर देऊन चक फिरवावा लागत असेल तर तिथेच थांबून मिस्त्रींना बोलवावे.

बाकीच्या जागा थोडक्यात सांगतो. पोकळ स्पिंडलमध्ये पडलेली वस्तू लाकडी दांड्याने मागून पुढे ढकलली की निघते. चकच्या आत पडलेल्या स्क्रूसाठी जबडे काढावे लागतात. त्यांच्यावर १, २, ३ असे आकडे असतात आणि त्याच क्रमाने ते परत बसवले नाहीत तर मध्य साधत नाही. मोटरच्या पंख्याच्या झाकणात काही गेले तर मागचे झाकण उघडावे, जाळीतून तार खुपसू नये. सीएनसीवर इन्सर्टचा (कापणाऱ्या, बदलता येणाऱ्या पात्याचा) टॉर्क्स स्क्रू पडला तर चिप कन्व्हेयर (कीस बाहेर नेणारा पट्टा) आधी बंद करावा, नाहीतर तुम्ही शोधत असताना तो स्क्रू भंगाराच्या गाडीत जाऊन बसलेला असतो. कार्बाइड इन्सर्टमध्ये बहुधा कोबाल्ट असल्यामुळे तो चुंबकाला किंचित धरतो, हे लक्षात ठेवावे. विजेच्या पॅनेलमध्ये स्क्रू पडल्यास स्वतः हात घालू नये. आयसोलेटर बंद केला तरी त्याच्या येणाऱ्या बाजूच्या टर्मिनलवर वीज राहते, म्हणून ते काम इलेक्ट्रिशियनचे. आणि ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनात, इंजेक्टरच्या भोकातून नट आत गेल्याचा नुसता संशय जरी आला, तरी हँडल मारून पाहू नये: पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्यात आणि हेडमध्ये इतके थोडे अंतर उरते की त्या नटाला दुसरीकडे जायला जागाच नसते.

सापडलाच नाही तर

तासभर शोधून हाती काही लागले नाही तर एकच प्रश्न विचारावा: हा तुकडा जिथे असू शकतो तिथून फिरत्या भागापर्यंत किंवा तेलपंपाच्या तोंडापर्यंत पोचू शकतो का? पोचू शकत असेल तर यंत्र उघडावेच लागेल, मग उत्पादनाचे काहीही होवो. पोचू शकत नसेल, म्हणजे तो खांबाच्या पोकळीत, बेडच्या खालच्या बंद खणात गेला असेल, तर मिस्त्रींच्या संमतीने तो तिथेच सोडता येतो, पण यंत्राच्या वहीत तारीख, तुकड्याचे माप आणि संभाव्य जागा लिहून. ‘आत पडला नसेलच, बाहेर कुठेतरी उडाला असेल’ हे मनाचे समाधान वहीत लिहिता येत नाही, हे ओळखावे.

सापडल्यावर

मिळालेला तुकडा पूर्ण आहे का ते पाहा. सर्क्लिप मोडलेली असेल तर तिचे तुकडे कागदावर जुळवून तिचा पूर्ण आकार होतो का ते तपासा. छर्रे सांडले असतील तर मोजा. ६२०४ क्रमांकाच्या बेअरिंगमध्ये सामान्यतः ८ आणि ६२०५ मध्ये ९ छर्रे असतात, पण दुसरे तसेच बेअरिंग समोर ठेवून मोजणे अधिक खात्रीचे. मग आत नेलेली हत्यारे मोजा: आरसा, टॉर्च, चिमटा, दोऱ्याचा स्क्रू. आत जाताना किती वस्तू नेल्या ते खडूने यंत्रावरच लिहून ठेवले असेल तर हे मोजणे एका मिनिटाचे होते.

पुन्हा तोच स्क्रू बसवताना ॲलन कीच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावून त्यावर स्क्रू चिकटवावा, आणि उघड्या गिअरवर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा. कापडही चालते, पण कापड आत विसरले जाते आणि पुठ्ठा विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर तेल गाळून परत भरावे. ते मळकट दिसत असेल तर नवीन घालावे. पातळी काचेवर पाहावी. झाकण लावण्याआधी स्पिंडल हाताने पूर्ण दोन-तीन फेरे फिरवावा, शक्य असेल तर प्रत्येक वेगाच्या लिव्हरवर एकदा, आणि कुठे जड जातो का ते हाताला कळते का पाहावे. मग झाकण लावून, सर्वांना दूर करून, स्वतःचे कुलूप स्वतःच काढून सर्वांत कमी वेगाने यंत्र एक मिनिट चालवावे. पेचकसाची मूठ कानाजवळ आणि टोक फिरत्या भागापासून दूर, हेडस्टॉकच्या बाहेरच्या अंगाला टेकवले, तर आतला टकटक आवाज स्पष्ट ऐकू येतो. ठरावीक अंतराने एकच टक येत असेल तर कोणत्यातरी दाताला इजा झाली आहे. यंत्र लगेच बंद करावे.

शिफ्ट संपताना यंत्र पुन्हा बंद करून तेल भरण्याच्या भोकातून चुंबकाचा दांडा तेलात बुडवून काढावा. टोकाला काळसर, मऊ लेप आला तर तो नेहमीच्या झिजेचा असतो. चमकणारे पापुद्रे किंवा बोटाला टोचणारा कण आला तर पुढच्या शिफ्टच्या माणसाला तो कण हातावर ठेवून दाखवावा आणि झाकण पुन्हा उघडावे.